शिबिराला निघालेले नातवंड

परीक्षा आटोपल्या की नागपुरातील घराघरांत शिबिरांची पत्रके येऊ लागतात. संमतिपत्रावर सही आई-वडिलांची असते. पिशवी भरण्याचे काम मात्र बहुधा आजी-आजोबांकडे येते. आपल्यापैकी अनेकांनी स्काउटच्या गणवेशात रामटेकला किंवा खिंडसीच्या काठी मुक्काम केला असेल. तेव्हा नातवंडाला अडवावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. पाठवावे, परंतु आधी काही विचारून घ्यावे.

पहिला प्रश्न पाण्याचा. जुलै 2017 मध्ये रविवारच्या सहलीला गेलेल्या तरुणांची नाव नागपूरजवळच्या वेणा जलाशयात उलटली. काही क्षणांपूर्वी ती मुले हसतखेळत मोबाइलवर चित्रण करीत होती. त्यांतील अनेक जण परतले नाहीत. धरणाचा काठ शांत दिसतो, पण खाली गाळ असतो आणि खोली एकाएकी वाढते. वाळू उपसलेल्या नदीपात्रातील खड्डेही वरून दिसत नाहीत. म्हणून आयोजकांना स्पष्ट विचारावे : मुले पाण्यात उतरणार आहेत काय? नावेत प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळेल काय? काठावर लक्ष ठेवणारा कोण? बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकत नाही, हे नातवंडालाही सांगावे. मित्र बुडताना दिसला तर मागे उडी घेऊ नये. दोर, काठी किंवा रिकामा डबा फेकावा आणि मोठ्यांना हाक मारावी.

दुसरा प्रश्न उन्हाचा. आपल्याकडे खिशात कांदा ठेवण्याची रीत आहे. ठेवावा, त्याने अपाय नाही. परंतु कांदा पाण्याची जागा घेत नाही. दुपारी बारा ते चार या वेळात मैदानी खेळ असतील, तर वेळापत्रक बदलण्याचा आग्रह धरावा. पिशवीत ओआरएसची पाकिटे द्यावीत. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंग ओले करावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

पुढची गोष्ट थोडी कटू आहे. 'नेणार नाहीत' या भीतीने कित्येक घरांतून मुलाचा दमा किंवा फिट्सचा आजार लपविला जातो. ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते. औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहून चिठ्ठी शिबिरप्रमुखाच्या हाती द्यावी. दम्याचा पंप मात्र मुलाच्याच खिशात असावा.

आणखी एक प्रश्न विचारताना आपल्या पिढीची जीभ अडखळते. रात्री मुलांच्या तंबूत कोण झोपते? मोठ्या व्यक्तीने एकट्या मुलासोबत बंद जागी राहू नये, असा नियम तेथे आहे काय? अठरा वर्षांखालील मुलांच्या संरक्षणासाठी 2012 पासून पोक्सो कायदा आहे आणि 1098 ही बालकांची मदतवाहिनी आहे. या प्रश्नावर चांगला आयोजक रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे पाठविण्याआधी घरात पुन्हा बोलावे.

मूल परतले की 'मजा आली ना?' एवढेच विचारून थांबू नये. जेवण काय होते, शेजारी कोण झोपले, कोणाची भीती वाटली का, हे सावकाश विचारावे. आई-बाबांना जे सांगवत नाही, ते पुष्कळदा रात्री आजीच्या कुशीत सांगितले जाते. तेव्हा रागावू नये, मध्येच तोडू नये. सगळे ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी त्याच्या आई-वडिलांशी बोलावे.