उपस्थात्याच्या सुरक्षिततेचे काय?

चिकित्सेच्या चार पादांत आचार्य चरकांनी वैद्य, औषधी द्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थात्याला, म्हणजे परिचारकाला, स्थान दिले आहे. त्याने उपचार जाणावेत, दक्ष असावे, रुग्णाविषयी ममत्व बाळगावे आणि शुचिता पाळावी, ही अपेक्षा आपण सर्वच जण करतो. परंतु त्या परिचारकाच्या स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाकडे आपल्या व्यवसायाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

राजगुरुनगर हे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यालगतचे तालुक्याचे ठिकाण. कटिशूल, मन्यास्तंभ, रात्रपाळीने बिघडलेला अग्नी अशा तक्रारी घेऊन कारखान्यांतील कामगार येथील वैद्यांकडे येतात. कामावर त्यांच्या पायांत सुरक्षा-बूट आणि डोक्यावर हेल्मेट असते. अपघात झाला तर त्याची नोंद करावी लागते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उद्योगाला ही शिस्त लावली. मात्र त्याच कामगाराची जखम बांधणारी परिचारिका, त्याला अभ्यंग-स्वेदन देणारा सहायक आणि रक्ताने माखलेले बोळे उचलणाऱ्या मावशी यांच्या हातांत पुष्कळदा साधे हातमोजेही नसतात.

आरोग्यसेवकांची सुरक्षितता म्हटले की रुग्णालयांवरील हल्ल्यांचीच चर्चा होते. ती आवश्यकच आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि कोलकात्यातील २०२४ च्या घटनेने हा प्रश्न देशापुढे पुन्हा आणला. परंतु हल्ला वृत्तपत्रात येतो. सुई टोचल्याची बातमी होत नाही. पुष्कळदा ती वैद्यालाही कळत नाही, कारण सांगितले तर काम जाईल, अशी भीती सहायकाच्या मनात असते.

आपल्या शास्त्रातीलच उदाहरण घेऊ. जलौकावचारणानंतर जळूला वमन घडवून तिने प्यालेले रक्त बोटांनी दाबून काढण्याचा विधी सुश्रुताचार्यांनी वर्णिला आहे. हे काम बहुधा सहायकच करतो, म्हणजे रुग्णाचे रक्त सरळ त्याच्या हातावर येते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. म्हणजे ज्या आजाराची भीती अधिक, त्याचा धोका कमी. आणि ज्याचा धोका अधिक, त्यावर लस उपलब्ध असूनही ती टोचली जात नाही.

पंचकर्म कक्षातील इतर धोकेही लहान नाहीत. तापलेले तेल, नाडीस्वेदाची वाफ, जवळच ठेवलेला गॅस सिलिंडर, तेलाने निसरडी झालेली फरशी, वमन-बस्तीतील मल-द्रव्यांचा संपर्क, अग्निकर्माचा धूर, हे सर्व सहायकाच्या नित्याच्या वाट्याला येते. द्रोणीची उंची त्याच्या उंचीशी जुळत नसेल, तर दिवसभर वाकून अभ्यंग करणारा सहायकच काही वर्षांत कटिशूलाचा रुग्ण होतो.

‘आमचे चिकित्सालय लहान, हे नियम मोठ्या रुग्णालयांसाठी,’ असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्या कक्षेत दवाखाने आणि आयुष रुग्णालयेही येतात. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांची लस देणे, वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्यतपासणी करणे आणि संरक्षक साधने पुरविणे हे त्यांत बंधनकारक आहे. खर्चाचा प्रश्न असेल, तर लसीच्या तीन मात्रांचा खर्च यकृताच्या जीर्ण विकाराच्या खर्चापुढे नगण्य आहे. आणि तो विकार झाल्यास खर्च सोसावा लागतो तो तुटपुंज्या वेतनावरील सहायकाच्या कुटुंबाला.

म्हणून प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आपल्या चिकित्सालयात पुढील गोष्टी तातडीने कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. प्रत्येक कर्मचाऱ्याला ०, १ व ६ महिने या क्रमाने हिपॅटायटिस बीची लस द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी.

२. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती थेट न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या पात्रात टाकावी.

३. जळू हाताळताना हातमोजे अनिवार्य करावेत व एका रुग्णाची जळू दुसऱ्यास लावू नये.

४. सुई टोचल्यास जागा पिळू नये व बोट तोंडात घालू नये, साबण-पाण्याने धुवावी. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. त्यासाठी कोणत्या शासकीय रुग्णालयात जायचे, हे भिंतीवर लिहून ठेवावे.

५. घटना सांगणाऱ्यास बोल लावू नये. भीती गेल्याशिवाय नोंद होणार नाही.

आपल्या संघटनेनेही तालुकावार लसीकरण शिबिरे घ्यावीत आणि पंचकर्म सहायकांच्या प्रशिक्षणात हा विषय सक्तीचा करावा. चार पादांपैकी एक दुर्बळ राहिला तर चिकित्सा सिद्धीस जात नाही, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो आहोत. त्या पादाचे बळ राखणे हा उपकार नव्हे, आपल्या वैद्यकर्माचाच तो भाग आहे.