घरचा जमाखर्च : लपविलेलें कर्ज

लग्न, मुंज, मुलांचें शिक्षण, घरांतील आजारपण यांपायीं काढलेलें कर्ज ही सुशिक्षित कुटुंबांतहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. नवल वाटतें तें याचें कीं, असें कर्ज घरच्या माणसांपासूनच लपविलें जातें. गृहिणीस त्याची वार्ता कळते ती बहुधा वसुलीचा माणूस दारांत उभा राहिल्यावर! ह्या लपवालपवीनें काय हानि होते, हें समजण्यासाठीं आम्ही वाचकांस प्रथम जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत नेणार आहों.

आंबेगांव तालुक्यांत जांभोरी म्हणून गांव आहे. तेथील होन्या भागोजी केंगले ह्या वजनदार कोळ्यानें 1873-74 च्या सुमारास टोळी उभारून सावकारांवर धाडी घालण्यास आरंभ केला. लुटले जात ते केवळ सावकारच. कित्येकांचीं नाकेंहि कापलीं गेलीं. पुढें 12 मे 1875 रोजीं सुपें येथें दंगा उसळला आणि त्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्या दंग्यांत लोकांचा रोख मुख्यत्वें सावकारांच्या कागदांवर होता. रोखे हस्तगत करून जाळावे, एवढाच मार्ग त्यांस दिसत होता; कारण त्या रोख्यांत काय लिहिलें आहे हें अनेकांस वाचतां येत नव्हतें, आणि भरलेल्या पैशाची पावती हातीं नव्हती. 1876 मध्यें होन्या पकडला गेला.

सरकारास मात्र ह्या प्रकरणाचें मूळ शोधावें लागलें. 1879 सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांकरितां शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरील आंकडा प्रमाण न मानतां व्यवहाराचा मूळापासून हिशेब पाहावा, व्याजावर व्याज धरूं नये, कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, असें त्यानें ठरविलें. शिवाय पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं ह्याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीशाचें काम केलें.

तो कायदा आज राहिला नाहीं. परंतु ऋणकोस आधार उरला नाहीं असें मात्र नव्हे. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानें परवान्यावांचून सावकारी करणें गुन्हा ठरविलें असून, मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास घेतां येत नाहीं. हा आपला जुना दामदुपटीचाच नियम होय. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें हुकूमनाम्याच्या वसुलींत अंगावरचीं आवश्यक वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण व धर्माचारानें स्त्रीस अंगावेगळे करतां न येणारे दागिने जप्त होत नाहींत. मंगळसूत्रास हात लागेल ह्या भीतीनें झुरणाऱ्या भगिनींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. कर्ज फेडणें सर्वथा अशक्य झाल्यास 1920 च्या नादारी कायद्यान्वयें जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करतां येतो. फोनवरून घटकाभरांत मिळणाऱ्या कर्जांचा सुळसुळाट झाल्यावर रिझर्व्ह बँकेनेंहि 2022 मध्यें निर्बंध घातले : कर्ज देण्यापूर्वीं सर्व आकारांसह वार्षिक दराचें पत्रक ऋणकोस दिलें पाहिजे, आणि थकलेल्या कर्जासाठीं सकाळीं 8 पूर्वीं वा सायंकाळीं 7 नंतर वसुलीचे फोन करतां कामा नयेत.

परंतु ह्या प्रत्येक संरक्षणास आधार लागतो तो हिशेबाचा. जांभोरीच्या ऋणकोजवळ पावती नव्हती, ती त्याला कोणी दिली नाहीं म्हणून. आमच्याजवळ ती असते, आणि आम्ही ती कपाटांत कुलुपाआड ठेवतों! एक कर्ज झांकण्यासाठीं दुसरें, दुसऱ्यासाठीं तिसरें, अशी ही साखळी लाजेपायींच लांबत जाते. आणि शेवटीं एखादा कर्ता पुरुष जिवावर उदार होतो, तेव्हां घरच्यांना आंकडा प्रथमच कळतो.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, येत्या रविवारीं घरांतल्या जाणत्या माणसांनीं एकत्र बसावें. धनकोचें नांव, मुद्दल, दर, भरलेली रक्कम व बाकी असे पांच रकाने एका वहींत आंखावे. हप्ता चुकणार असें दिसतांच, चुकण्यापूर्वींच, बँकेस लेखी कळवून मुदत वाढवून मागावी. आणि वही भरून होईपर्यंत कोणीं कोणास बोल लावूं नये. नाहींतर पुढच्या खेपेस ती पुन्हां कुलुपांत जाईल.