साखर आयुक्तांस खुले पत्र : फडातील स्त्रीचे नाव दप्तरी लागावे

माननीय साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे, यांस



दसरा-दिवाळी उलटली की बीड आणि आसपासच्या दुष्काळी मुलखातून लक्षावधी स्त्रीपुरुष बिऱ्हाड पाठीशी बांधून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कित्येक तर कर्नाटकापर्यंत, ऊसतोडीला जातात, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. परंतु मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एकच कोयता मांडला जातो, उचल पुरुषाच्या हाती पडते, सही वा अंगठाही त्याचाच उठतो. आणि पहाटेच्या अंधारात कोपीतून निघून, तान्हे पोर बांधावर निजवून, दिवसभर मोळ्या बांधणारी व त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन डगमगत्या फळीवरून मालमोटारीत चढविणारी जी स्त्री, ती कोणत्याच दप्तरात मजूर म्हणून रुजू नसते, या गोष्टीकडे आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

ज्याची नोंद नाही त्याला दाद कोठली? खाडा पडला की दंड उचलीत चढतो, मग तो पाळीमुळे पडो की बाळंतपणामुळे. बीड जिल्ह्यात ऐन तारुण्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले, शासनाने चौकशी समितीही नेमली. पण दुखणे अंगावर काढणे आणि अवयव गमावणे यांखेरीज तिसरी वाट जिच्यापुढे ठेवलेली नाही, तिने शस्त्रक्रियेस दिलेल्या रुकाराला संमती म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. संसदेने समान वेतनाचा आणि वेठबिगारी निर्मूलनाचा असे दोन्ही कायदे १९७६ सालीच केले. फडात मात्र त्यांचा अंमल पोचला नाही, कारण कारखाना मजुरांना मुकादमाची माणसे म्हणतो आणि मुकादम स्वतःस केवळ मध्यस्थ म्हणवितो.

आपला अधिकार येथेच उपयोगी पडणारा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याच्या उसाचे पैसे चौदा दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले, आणि ते थकविणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना अडविण्याची तजवीज आपल्या कार्यालयाने पूर्वी केलेली आहे. हाच दंडक ऊस तोडणारीसाठी लावावा. तोडणीच्या प्रत्येक करारनाम्यात स्त्रीचे नाव स्वतंत्र लिहिले जावे, तिच्या वाट्याची मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा दंड बेकायदा ठरावा, आणि या अटी न पाळणाऱ्या कारखान्यास येत्या हंगामाचा परवाना देऊ नये, ही माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.