फोन एंगेज होता

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरचे उत्खननच. यंदा माळ्यावर पितळी परातीमागे एक काळी पेटी सापडली. तिचीच वायर तिच्याभोवती नीट गुंडाळलेली. चिरंजीवांनी विचारले, “बाबा, हा रेडिओ का?”

“नाही रे, मोडेम. यातून इंटरनेट गात गात घरात येत असे.”

चाळिशीपुढच्या वाचकांना ते गाणे आठवत असेल : आधी शिटी, मग किरकिर, मग खरखर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, ते याच वाटेने. टेलिफोनची तार माणसाचा आवाज वाहण्यासाठी. संगणकाचे आकडे तिला कसे कळावेत? म्हणून मोडेम आकड्यांचे आवाज करी आणि आलेल्या आवाजांचे पुन्हा आकडे. वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट. चार मेगाबाइटचे गाणे उतरायला हिशेबाने दहा मिनिटे. आमच्या घरी तास सहज जाई. मध्येच जोडणी तुटली, की पहिले पाढे पंचावन्न!

खरी मेख मात्र निराळीच होती. आवाजाची वाट मोडेमने अडविली, की फोनला वाटच उरत नसे. बाहेरून करणाऱ्याला फोन एंगेज!

२००२ सालची गोष्ट. मी एम.ए.ला होतो. आजी परांड्याला आत्याकडे होती. एके रात्री तिची प्रकृती एकाएकी बिघडली. आत्या आठपासून आमचा क्रमांक फिरवीत होती आणि मी एक गाणे उतरवीत होतो. दहाला फोन लागला, तेव्हा परांड्याची शेवटची एस.टी. निघून गेली होती. वडील पहाटेच्या गाडीने गेले. आजी रात्रीच गेली होती.

वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेरावा झाल्यावर त्यांनी मोडेमची वायर गुंडाळली आणि पेटी माळ्यावर ठेवली.

पुढे २००५ साली बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले. तार तीच, पण आवाज खालच्या कंपनांवर आणि आकडे वरच्या कंपनांवर, असे दोघे एकाच वेळी शेजारी शेजारी चालू लागले. आता तर काचेच्या तंतूतून प्रकाशच घरात येतो. शंभर मेगाबिटांच्या जोडणीवर ते गाणे अर्ध्या सेकंदाच्या आत उतरेल.

यंदा पितृपक्षात आत्याचा फोन आला. मी मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होतो. पडद्यावर तिचे नाव दिसले. ‘ओव्हर संपली की करू,’ असे मनाशी म्हटले आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “काही नाही रे, काल आईची तिथी होती. म्हणून केला होता.”

या वेळी फोन मोकळा होता. एंगेज मीच होतो.

वडील आता नाहीत. भाऊबीजेला परांड्याला मी जाणार आहे.