विश्लेषण : व्हॉल्व्ह ‘बंद’ आहे, म्हणजे नेमका किती बंद?

टाकी साफ करण्यासाठी कामगार आत उतरण्यापूर्वी तिच्याकडे येणाऱ्या पाइपलाइनवरचा व्हॉल्व्ह बंद करतात. पण अभियांत्रिकीत ‘बंद’ या शब्दालाही प्रतवारी आहे. बंद व्हॉल्व्हमधून किती गळती चालेल, हे मानकांतच ठरलेले असते.

गळतीचे वर्ग कोणते?

प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हसाठी ‘एफसीआय ७०-२’ हे अमेरिकी मानक सर्रास वापरले जाते. त्यात १ ते ६ असे वर्ग आहेत. वर्ग २ मध्ये पूर्ण क्षमतेच्या ०.५ टक्के, वर्ग ३ मध्ये ०.१ टक्के, तर वर्ग ४ मध्ये ०.०१ टक्के गळती मान्य आहे. आकडे किरकोळ वाटतात. पण चाचणीच्या दाबाला ताशी १ लाख लिटर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असेल, तर वर्ग २ मध्ये ताशी ५०० लिटर गळती चालते. वर्ग ४ मध्येही ताशी १० लिटर, म्हणजे दिवसाला २४० लिटर. वर्ग ६ हा मऊ सीटच्या व्हॉल्व्हसाठी सर्वांत कडक वर्ग. तिथेही ६ इंची व्हॉल्व्हला मिनिटाला २७ बुडबुडे माफ असतात.

मग ‘शून्य गळती’ कुठे?

लाइन पूर्ण तोडण्यासाठीच्या गेट, बॉल अशा व्हॉल्व्हना ‘एपीआय ५९८’ लागू होते. मऊ सीट असेल तर गळती शून्य हवी. धातूची सीट असलेल्या ६ इंची व्हॉल्व्हला पाण्याच्या चाचणीत मिनिटाला १२ थेंब चालतात. मात्र ‘शून्य’ म्हणजे चाचणीच्या वेळेत गळती दिसली नाही, इतकेच. ६ इंची व्हॉल्व्हसाठी ही किमान वेळ आहे ६० सेकंद.

नेहमी मऊ सीटच का नाही?

जास्त तापमानाला रबर, टेफ्लॉन टिकत नाही. गरम वाफेच्या लाइनवर धातूची सीटच लागते.

प्रमाणपत्र काय सांगत नाही?

चाचणी होते ती नव्या, स्वच्छ व्हॉल्व्हची. प्रत्यक्षात सीटवर गाळ बसतो, वेल्डिंगचा कण अडकतो, आम्लाने धातू झिजतो. कागदावर वर्ग तोच राहतो, गळती वाढत जाते.

काय करायला हवे?

खरेदीच्या ऑर्डरवर नुसते ‘झीरो लीकेज’ लिहून भागत नाही. मानक, वर्ग, चाचणीचा दाब आणि चाचणी पाण्याची की हवेची, हे चारही हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणूस टाकीत उतरणार असेल, तर एका बंद व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये. लाइन सोडवावी किंवा फ्लँजमध्ये ब्लाइंड टाकावा. पाण्याच्या लाइनवर मिनिटाला १२ थेंब ही किरकोळ बाब असेल. विषारी वायूच्या लाइनवर थोडी गळतीही जीव घेऊ शकते. तारापूर, महाड, लोटे अशा रासायनिक पट्ट्यांत ब्लाइंड टाकायला लागणारा वेळ ‘वाया गेला’ असे कुणी म्हणत असेल, तर हिशेब तिथेच चुकतो.