भीती विकणाऱ्यांचा हा बाजार उठवा!

संगणक नव्याने हाताळणाऱ्या माणसाने ‘रजिस्ट्री क्लीनर’ वापरावा काय? नाही, त्रिवार नाही! ‘जपून वापरला तर हरकत नाही’ असे जे गुळमुळीत सांगतात, ते एक तर अजाण आहेत किंवा विक्रेत्याचे भागीदार. कारण जपून वापरायचे म्हणजे कोणती नोंद ठेवायची आणि कोणती उडवायची हे कळले पाहिजे. ज्याला ते कळते त्याला असल्या सॉफ्टवेअरची गरज नाही, आणि ज्याला कळत नाही त्यालाच ते विकले जाते!

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. कोणता प्रोग्राम कुठे बसवला आहे, कोणती फाइल कशात उघडायची, कोणती सेवा केव्हा सुरू करायची, हे सारे तिथे लिहिलेले असते. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे उरतात, हे खरे; त्याच पुसून वेग वाढवण्याची ग्वाही हे क्लीनर देतात. पण विंडोज हवी ती नोंद ठरलेल्या मार्गाने थेट गाठते. दर वेळी सगळी रजिस्ट्री चाळत बसत नाही. म्हणून चार-पाचशे बेवारस नोंदी उडवल्या की संगणक धावू लागतो, ही शुद्ध थाप आहे. संगणक रखडतो तो अपुऱ्या रॅमने, जुन्या हार्ड डिस्कने आणि सुरू होताक्षणी गर्दी करणाऱ्या प्रोग्रामांनी. वेग देण्याची ग्वाही देणारे हे क्लीनर बहुधा त्याच गर्दीत जाऊन बसतात!

आता या धंद्याची रीत पाहा. तपासणी फुकट. दोन मिनिटांत लाल अक्षरांत निकाल : शेकडो चुका सापडल्या, संगणक धोक्यात! दुरुस्ती मात्र पैसे भरल्यावर. आधी बाधा झाल्याचे सांगायचे आणि मग उतारा विकायचा, ही देवऋष्याची जुनी विद्या. फक्त लिंबू-मिरचीच्या जागी आता लाल पट्टी आली आहे. त्या ‘चुकां’त अनेकदा पेनड्राइव्हवरच्या किंवा नेटवर्कवरच्या फाइलचा साधा पत्ता असतो. ती फाइल त्या क्षणी जोडलेली नसते, एवढाच तिचा अपराध! अशी नोंद पुसली गेली की उद्या एखादा प्रोग्राम उघडत नाही, परवा एखादा काढून टाकता येत नाही, आणि नशीब फारच फिरले तर विंडोजच सुरू होत नाही. ‘आम्ही बॅकअप घेतो’ ही यांची ढाल. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्यातला बॅकअप नवशिक्याने काढायचा कसा? शिवाय २०१८ च्या विंडोज १० आवृत्तीपासून खुद्द विंडोजनेही रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवणे बंद केले आहे, हे यांतला कोणता विक्रेता गिऱ्हाइकाला सांगतो?

खुद्द मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात ‘रेगक्लीन’ नावाचे असेच साधन काढले होते. ते मागे घ्यावे लागले. आज असल्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असे तीच कंपनी बजावते. ज्यांनी घर बांधले ते सांगतात की हा खांब हलवू नका, आणि आम्ही वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या हाती पहार देतो! ‘नावाजलेलेच क्लीनर घ्या’ म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावे. त्या वर्षी सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला आणि ती २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोचली.

अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या भीतीच्या व्यापाराला हात घातला. ऑफिस डेपो या साखळी दुकानांत ‘संगणकाची तब्येत’ तपासली जाई. तपासणीआधीच्या चार प्रश्नांपैकी एकाला जरी ‘हो’ म्हटले, तरी व्हायरसची लक्षणे सापडल्याचा निकाल हजर! २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला हे तपासणीचे सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजावे लागले. २०२४ मध्ये अशीच खोटी भीती घालणाऱ्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांवर २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याची पाळी आली.

आणि आपल्याकडे? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध (‘डार्क पॅटर्न’) मार्गदर्शक तत्त्वे काढली. व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणे त्यांत स्पष्ट नोंदवले आहे आणि खोटी निकड दाखवून खरेदी करायला लावणेही. पण ‘रजिस्ट्रीतील चूक’ म्हणजे व्हायरस नव्हे, असे म्हणत हे ठक त्याच तत्त्वांच्या बोळातून निसटतील! प्राधिकरणाने ही पळवाट आजच बुजवावी. बनावट ‘चुका’ मोजून दाखवणे हीच फसवणूक, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे.

एमएस-सीआयटीच्या वर्गांतून या महाराष्ट्रातल्या लक्षावधी माणसांनी माउस हाती धरला. त्याच वर्गांत पहिल्या आठवड्यात हे शिकवा : टास्क मॅनेजर उघडा, सुरुवातीचे अनावश्यक प्रोग्राम बंद करा, नको ते काढून टाका, हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी बसवा. पहिल्या तिन्ही उपायांना दमडी लागत नाही. चौथ्याला लागते, पण त्याचा गुण डोळ्यांना दिसतो. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांनीही फॉरमॅट करून देताना क्रॅक केलेला क्लीनर भेट म्हणून कोंबणे थांबवावे. ती मेहेरबानी नव्हे, गिऱ्हाइकाचा घात आहे. आणि वाचकहो, लाल पट्टी झळकली तर घाबरू नका, कार्ड काढू नका. पैसे गेलेच असतील तर लाजू नका : १९३० वर सायबर फसवणुकीची आणि १९१५ वर ग्राहक म्हणून तक्रार गुदरा. तुम्ही गप्प बसता, म्हणूनच यांची दुकाने चालतात!