मॉल नागपुरात, गिऱ्हाईक पांढुर्ण्याचे

छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशाने पांढुर्णा जिल्हा निर्माण केला. कचेऱ्या आल्या, फलक बदलले. मात्र खरेदी, चित्रपट आणि जेवण एकाच छताखाली हवे असेल, तर येथील मराठी कुटुंब नागपूरचाच रस्ता धरते. सौंसरहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, पांढुर्ण्याहून सुमारे शंभर. भोपाळ त्याच्या दुपटीहून दूर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच या तालुक्यांची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे तालुके मध्य प्रदेशात राहिले, तरी बाजाराची वाट बदलली नाही. चित्रपट वितरणाच्या धंद्यात तर ‘सीपी बेरार’ हे जुन्या प्रांताचे नाव अजून चालते!

या वाटेने करही सीमा ओलांडतो. संत्र्याच्या हंगामाचे पैसे सीताबर्डीच्या इटर्निटी मॉलमध्ये किंवा एम्प्रेस मिलच्या जागेवरील मॉलमध्ये खर्च झाले, की वस्तू व सेवा करातील राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत जमा होतो. जिल्हा मुख्यालयात असे संकुल उभारण्याचा विचार त्यामुळे व्यवहाराला धरूनच ठरेल.

पेच भाषेचा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने बहुपडदा चित्रपटगृहांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक केले. अंमलबजावणीविषयी निर्मात्यांची कुरकुर कायम असली, तरी नागपूरला जाणाऱ्या सौंसरकराला त्याचा लाभ आपसूक मिळतो. हेच पडदे उद्या पांढुर्ण्यात लागले, तर महाराष्ट्राचा नियम तेथे लागू नसेल. कर घरी राहील, पण मराठी चित्रपट हिंदीच्या गर्दीत मागे पडण्याची भीती खरी आहे.

यावर उपाय जागेच्या करारात सापडू शकतो. आपल्याकडे पणजीत २००४ साली इफ्फीच्या निमित्ताने सरकारच्या पुढाकाराने बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले आणि महोत्सवाच्या काळात ते पडदे आजही त्याच्या कामी येतात. जमीन सार्वजनिक असेल, तर अटी घालण्याचा अधिकारही सार्वजनिक संस्थेकडे राहतो. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेने कधी संकुलासाठी जागा दिलीच, तर आठवड्याचे किमान मराठी खेळ आणि त्यांच्या वेळा निविदेतच लिहून घ्याव्यात. करारावर सह्या झाल्यानंतर विकासक ही अट मान्य करण्याची शक्यता फार थोडी.